सोसणे आणि सांगणे

मराठी मनाला ‘सोसणे’ हा शब्द फार प्रिय आहे. ज्याने पुष्कळ सोसले तो मोठा, आणि सोसूनही जिने चकार शब्द काढला नाही ती तर देवताच, असे आपण मानीत आलो. आमच्या मराठवाड्याच्या तर हा गुण मातीतच मुरलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथल्या माणसाला सहनशीलतेचे पाठ कोणी द्यावेत? परंतु मुकाट्याने सोसणे हा सर्वकाळ सद्गुणच असतो काय? की एखाद्या ठिकाणी तोच गुण दोष ठरतो?

असे एक ठिकाण हिमालयात आहे, आणि नांदेडकरांचे त्याच्याशी नाते आहे. ज्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवला, त्यांनी पूर्वजन्मी हेमकुंडाच्या तीरावर तप केले, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर, तर हेमकुंड ४,००० मीटरांच्याही वर. तेथे हवेतील प्राणवायूचा वाटा आपल्या इकडच्याइतकाच असतो; पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू मिळतो तो आपल्या सुमारे साठ टक्के. वर कोणी रात्र काढीत नाही. ३,००० मीटरांच्या आसपास असलेल्या घांघरियाला मुक्काम करायचा, पहाटे चढायचे आणि संध्याकाळच्या आत परत उतरायचे, असा शिरस्ता आहे.

माझ्या परिचयाचे नांदेडचे एक वृद्ध दांपत्य दोन महिन्यांच्या उत्तराखंड यात्रेस गेले होते. सोबत पहाडातला एक तरुण वाटाड्या होता. घांघरियाला बाईंचे डोके रात्रभर ठणकत राहिले, अन्न नकोसे झाले, डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे यजमानांनी विचारले, “बरं आहे ना?” त्या म्हणाल्या, “काही नाही, चला.” वाटाड्यानेही चौकशी केली, तेव्हा यजमानांनीच उत्तर दिले, “आम्ही दोघेही ठीक आहोत.” त्यावर तो पोरगा शांतपणे म्हणाला, “बाबूजी, आप नहीं. माताजी, आप बोलिए.” मग त्या बोलल्या. त्या दिवशी चढण झाली नाही. दोघेही खाली गोविंदघाटाला आले आणि उतरता उतरता डोके हलके झाले. पुढे मला भेटल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “माझ्या बोलण्यानं यांचं दर्शन हुकलं.” यजमान म्हणाले, “चाळीस वर्षांच्या संसारात मला जे ओळखता आलं नाही, ते त्या पोरानं ओळखलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.”

उंचीच्या विकाराची रीत मोठी कपटी आहे. आरंभी नुसते डोके दुखते, मळमळते. तरीही वर चढत राहिल्यास क्वचित मेंदूवर सूज येते किंवा फुप्फुसात पाणी साचते. मेंदूच बिघडू लागला की आपल्याला काही झाले आहे हे खुद्द रोग्यालाच उमगत नाही. उपाय साधा आहे, तो म्हणजे वेळीच खाली उतरणे. पण उतरायचे केव्हा, हे ठरवायला आधी कोणीतरी खरे सांगितले पाहिजे.

महाभारतात हा प्रश्न दोनदा येतो. वनपर्वात लोमश ऋषी पांडवांना तीर्थयात्रा घडवितात. गंधमादनाची वाट बिकट, म्हणून द्रौपदीने मागे राहावे असे धर्मराज सुचवितो. ती हसून म्हणते, मी येईन, माझी काळजी नको. आणि पुढे वादळवाऱ्याने थकून ती कोसळते. तेव्हा सारे थांबतात, नकुल-सहदेव तिचे पाय चेपतात, भीम घटोत्कचाला बोलावतो आणि तो तिला उचलून नेतो. महाप्रस्थानाच्या वेळीही तीच प्रथम पडते. या खेपेस धर्मराज तिचा दोष तेवढा सांगतो आणि मागे न पाहता चालू लागतो. पुढे एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा हाच धर्मराज! पडताना द्रौपदीच्या तोंडी एकही शब्द नाही. पण महाप्रस्थान हा परत न येणाऱ्यांचा प्रवास होता. आपण संसारी माणसे घरी परतण्यासाठी निघालेली असतो. आपला धडा वनपर्वातला.

कोणी म्हणेल, जो तो आपले दुखणे सांगत सुटला तर संसार चालायचा कसा? आक्षेप खरा आहे. बोटाला चटका बसला म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण जे दुखणे माझ्यापुरते आहे ते गिळणे वेगळे, आणि ज्याच्यावर दुसऱ्याचा निर्णय अवलंबून आहे ते लपविणे वेगळे. पहिले धैर्य आहे. दुसऱ्यात नकळत एक फसवणूक शिरते. ‘काही नाही’ म्हणणारी पत्नी त्याग करते असे आपल्याला वाटते. खरे पाहता ती पतीच्या हातून निवड काढून घेते. दर्शन की सहचारिणी, हे त्याला ठरवायचे होते. आणि प्रश्न आहे हेच त्याला कळू दिले नाही.

तथापि दोष एकट्या सोसणाऱ्याचा नाही. “बरं आहे ना?” या प्रश्नात ‘ना’ हे अक्षर होकार मागूनच घेते. खरे सांगण्याची किंमत फार जबर ठेवायची आणि वर सांगितले नाही म्हणून रागवायचे, हा न्याय नव्हे. वाटाड्याचे शहाणपण दोन गोष्टींत होते. ज्याचे दुखणे त्यालाच त्याने विचारले, आणि माघार स्वस्त होती तेव्हा विचारले. अर्ध्या चढणीवर विचारले असते, तर खरे उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या दिवसांत अंगात कणकण असताना कढईपुढे बसून चकल्या तळणारी बाई घरोघरी असते. तिलाही आपण तसेच, अर्धे दारातूनच विचारतो आणि ‘काही नाही’ ऐकून निश्चिंत होतो. तिला सरळ विचारावे, आणि उत्तर काहीही आले तरी सण साजरा होईल याची खात्री आधी तिला द्यावी. याच भाऊबीजेला केदारनाथाची कवाडे मिटतात आणि देवाची पालखी हिवाळ्यासाठी ऊखीमठाला उतरते. थंडी वाढली म्हणून देव खाली येतो. त्याला कोणी हरला म्हणत नाही.