ज्यांना कुणी करार दिलाच नाही

मार्च २०२२. फ्लोरिडातल्या सॉग्रास मैदानावर पावसाने लांबलेली प्लेअर्स चॅम्पियनशिप सोमवारी संपत होती. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी तेव्हा जागतिक क्रमवारीत तीनशेच्याही खाली घसरलेला होता. अठराव्या होलवर बर्डी मिळाली असती, तर सामना प्लेऑफमध्ये गेला असता. ग्रीनबाहेरून मारलेला त्याचा चिप होलमध्ये पडला नाही आणि ऑस्ट्रेलियाचा कॅमरून स्मिथ एका फटक्याने जिंकला. स्मिथला ३६ लाख डॉलर मिळाले, लाहिरीला २१ लाख ८० हजार. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर दोघांची नावे एकाच यादीत जाहीर झाली. दोघेही पीजीए टूर सोडून सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फमध्ये गेले होते.

या निर्णयाला ‘हाव’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पीजीए टूरवरचा गोल्फपटू हा नोकरदार नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. विमानाचे भाडे, हॉटेल, प्रशिक्षक आणि कॅडीचे आठवड्याचे पैसे हे सगळे त्याच्या खिशातून जाते. गुरुवार-शुक्रवार मिळून ३६ होल झाले की कट लागतो. साधारणपणे पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे खेळाडू पुढे जातात. शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या होलवर चार फुटांचा पट कडेला लागून बाहेर आला आणि कट एका फटक्याने हुकला, तर सर्वसाधारण स्पर्धेत त्या आठवड्याची कमाई शून्य. खर्च मात्र तेवढाच. आणि हाच ‘स्वतंत्र’ कंत्राटदार दुसरीकडे खेळू म्हणाला, तर त्याला टूरची लेखी परवानगी लागते. बंधने नोकराची आणि जोखीम मालकाची, अशी ही व्यवस्था होती.

लिव्हने नेमके याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर पहिली स्पर्धा झाली, तेव्हा ४८ खेळाडू होते, होल ५४ आणि कट नव्हताच. शेवटच्या खेळाडूलाही १ लाख २० हजार डॉलर मिळाले. विजेत्या चार्ल श्वार्टझेलने सांघिक हिस्सा धरून ४७ लाख ५० हजार नेले. सहीसाठी मिळणाऱ्या रकमा वेगळ्याच. फिल मिकेल्सनच्या नावापुढे २० कोटी डॉलरचा आकडा छापून आला. तिकडे गेलेल्यांना पीजीए टूरने निलंबित केले, प्रकरण कोर्टात गेले.

मग ६ जून २०२३ उजाडला. पीजीए टूरचे आयुक्त जे मोनाहन आणि सौदी गुंतवणूक निधीचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान दूरचित्रवाणीवर शेजारी बसले आणि एकत्र येण्याचा आराखडा त्यांनी जाहीर केला. बहुतेक खेळाडूंना याचा आधी पत्ताही नव्हता. टूरशी निष्ठा राखा म्हणून वर्षभर जाहीरपणे भांडणाऱ्या रोरी मॅकलरॉयला आपला बळी दिला गेल्यासारखे वाटले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. त्याचे दुःख खरे होते. ज्या संस्थेसाठी त्याने मित्रांशी वाकडे घेतले, तिने वाटाघाटी करताना त्याला विचारलेही नव्हते.

वर्षअखेरीची मुदत उलटली, अंतिम करार झाला नाही. उलट त्याच डिसेंबरात लिव्हने पीजीए टूरवरच्या जॉन राम याला ओढून नेले. त्याच्यासाठी ३० कोटी डॉलरहून अधिक मोजल्याच्या बातम्या आल्या. ही किंमत त्याच्या खेळाची म्हणावी, तर तेवढे उत्पन्न देणारी तिकीटविक्री किंवा प्रक्षेपणाचे हक्क लिव्हकडे नव्हते. ती किंमत होती समोरच्याला घायाळ करण्याची. अशा किमतीचे आयुष्य भांडणाएवढेच असते. भांडण थंडावले किंवा देणाऱ्याने हात आखडला, की तोच खेळाडू बाजारभावावर येतो.

डिसेंबर २०२५ मध्ये ब्रूक्स केप्काने लिव्ह सोडले, तेव्हा परतीच्या वाटेचा हिशेब सगळ्यांसमोर आला. जानेवारी २०२६ मध्ये पीजीए टूरने त्याच्यासाठी दार उघडले. अटी अशा: ५० लाख डॉलर धर्मादाय कामाला द्यायचे आणि पाच वर्षे टूरच्या समभागांवर हक्क सांगायचा नाही. ही सवलतही २०२२ ते २०२५ या काळात मेजर किंवा प्लेअर्स स्पर्धा जिंकलेल्यांपुरतीच, म्हणजे केप्काशिवाय राम, ब्रायसन डीशॅम्बो आणि स्मिथ या तिघांना. लिव्हमधलाच पॅट्रिक रीड त्यात बसत नव्हता. त्याला बाहेर थांबून वेगळ्या वाटेने परतावे लागणार होते. लाहिरीसारख्याला तर विचारलेच नाही.

मोठ्यांची काळजी फारशी करायला नको, त्यांच्याकडे वकील आहेत. खरी झळ बसली ती दोन्हीकडून कधीच बोलावणे न आलेल्यांना. लिव्हला तोंड द्यायला पीजीए टूरने बड्या खेळाडूंसाठी दोन-दोन कोटी डॉलरच्या, मोजक्या सत्तर-ऐंशी जणांच्या स्पर्धा काढल्या. २०२४ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांनी दीड अब्ज डॉलर ओतले आणि खेळाडूंना समभाग मिळाले. पहिल्या वाटपात ७५ कोटी डॉलरचे समभाग ३६ जणांना गेले, तर आणखी एका गटातल्या ५७ जणांना मिळून ३ कोटींचे. पाठोपाठ २०२६ पासून टूरवर खेळण्याच्या पूर्ण हक्काची कार्डे १२५ वरून १०० वर आणायचे ठरले. खालच्या कॉर्न फेरी टूरवरून वर येणाऱ्यांची संख्या ३० वरून २० झाली. एकशेदहाव्या क्रमांकावरच्या माणसाने कुणाशी करार मोडला नव्हता, कुणावर खटला भरला नव्हता. त्याचे पूर्ण हक्काचे कार्ड मात्र गेले.

हे अटळ होते असे मानायचे कारण नाही. आजची पीजीए टूर मुळात बंडातूनच जन्मली. १९६८ मध्ये स्पर्धा खेळणारे व्यावसायिक, क्लबांवर शिकवणाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या जुन्या संघटनेपासून वेगळे झाले, आणि त्यांत जॅक निक्लॉस होता. क्रिकेटमध्ये केरी पॅकरच्या समांतर मालिकेत गेलेल्यांवर बंदी आली, तेव्हा १९७७ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ती व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन ठरवून रद्द केली. म्हणजे प्रतिस्पर्धी उभा राहणे वाईट नाही. खेळाडूला विचारले जाते ते तेव्हाच. प्रश्न आहे तो वाढलेला पैसा आणि वाढलेली जोखीम कुणाच्या वाट्याला जाते याचा.

हा प्रश्न आता भारतीय गोल्फमध्येही आला आहे. क्रिकेटमध्ये तो आधीच येऊन गेला होता. २००७ मध्ये कपिल देव बीसीसीआयच्या मान्यतेविना निघालेल्या इंडियन क्रिकेट लीगच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले, म्हणून बीसीसीआयने त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीवरून दूर केले. लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंवर बंदी आली, २००९ मध्ये माफी मिळाली. अंबाती रायुडू पुढे भारतासाठी खेळला, पण कित्येकांची उमेदीची वर्षे वाया गेली. तेच कपिल देव २०२४ मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ मध्ये त्या टूरसमोर इंडियन गोल्फ प्रीमियर लीग उभी राहिली. लीग चालवणाऱ्यांत टूरचेच माजी मुख्य कार्यकारी अधिकारी उत्तमसिंग मुंडी आहेत.

भारतात गोल्फ खेळून पोट भरणाऱ्यांतले कित्येक जण कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा उचलत खेळ शिकले. त्यांच्यामागे ना संस्था, ना वकील. बाहेर खेळायची परवानगी कोणत्या आठवड्यांत मिळेल, नाकारली तर किती दिवसांत लेखी कारण मिळेल, कट हुकलेल्याला प्रवासखर्च तरी मिळेल का आणि लीग मध्येच बंद पडली तर जुन्या टूरवरचे कार्ड शाबूत राहील का, हे सगळे नव्या हंगामाचे अर्ज निघण्याआधी कागदावर आले पाहिजे. बंदीची शिक्षा झालेल्याने दाद मागायची ती दोन्ही संस्थांबाहेरच्या लवादापुढे, एवढी तरतूद कपिल देव यांनी आपल्या टूरच्या नियमांत करून घ्यावी. अशा बंदीने खेळाडूचे काय होते, हे त्यांनी २००७ मध्ये जवळून पाहिले आहे.