नदीचा पूर आणि वाकलेला व्हॉल्व्ह

दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे ज्ञान होणे याला न्यायदर्शनात अनुमान म्हणतात, आणि त्या खुणेला लिंग किंवा हेतू. गौतमाने सांगितलेल्या 3 प्रकारांपैकी शेषवत् अनुमान, न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या एका विवरणानुसार, कार्यावरून कारणाकडे जाते. नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे ठरवणे, हे त्याचे उदाहरण. टायमिंग बेल्ट सरकलेल्या इंजिनाचे निदान याच जातीचे आहे, आणि त्यात होणारी चूकही न्यायसूत्रांना अनोळखी नाही.

हा दातेरी पट्टा पिस्टनांशी जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. क्रँकच्या 2 फेऱ्यांत कॅमची 1 फेरी होते. ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा निरनिराळ्या क्षणी वापरतात (यालाच इंटरफेरन्स इंजिन म्हणतात), तेथे बेल्टने काही दात सोडले की दोघे एकमेकांवर आदळून व्हॉल्व्ह वाकू शकतो. तो वाकला की नाही हे सिलिंडरचे हेड उतरवल्यावरच धडपणे दिसते, आणि ते काम खर्चिक असल्यामुळे अनुमानाची गरज पडते.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजले जाते, ते कमी भरते आणि व्हॉल्व्ह वाकल्याचा निर्णय दिला जातो. परंतु हा हेतू अनैकांतिक, म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचे ते) नसलेल्या ठिकाणीही आढळणारा आहे, कारण मेळ चुकलेला असताना व्हॉल्व्ह अवेळी उघडे राहतात व धडधाकट इंजिनातही दाब साठत नाही. न्यायसूत्रांतील पूर्वपक्ष नेमका हाच आहे: प्रवाह अडवल्यानेही नदी फुगते, मग पुरावरून पाऊस कसा ठरणार? त्यावर भाष्यकाराचे उत्तर असे की, अनुमान केवळ पाणी वाढल्यावरून होत नसून प्रवाहाचा वेग, फेस, वाहत येणारी पाने व लाकडे यांनी विशिष्ट झालेल्या पुरावरून होते. दोष अनुमानाचा नसून अर्धवट पाहणाऱ्याचा आहे, हा निवाडा गॅरेजलाही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून आधी टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट बसवावा, क्रँक हाताने सावकाश 2 फेरे फिरवावा, अडला तर जोर करू नये, आणि मगच दाब मोजावा. तरीही तो कमी भरला, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी: फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेण्याच्या वाटेने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणापाशी जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा संशयित ठरतात. येथे पूर विशिष्ट झाला.

प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनच्या माथ्यावर आघाताची खूण दिसली नाही, एवढ्यावर निश्चिंत होणे मात्र घाईचे आहे. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण वस्तू असती तर नक्की दिसली असती अशी योग्यता असेल तरच. पुसटसा धक्का लागून किंचित वाकलेला व्हॉल्व्ह खूण सोडेलच असे नाही. अखेर वात्स्यायन प्रमिती (यथार्थ ज्ञान) प्रत्यक्षपर, म्हणजे शेवटी प्रत्यक्षावर टेकणारी, मानतो: आप्तवाक्याने (विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून) ऐकलेला व धुरावरून अनुमानलेला अग्नी जवळ जाऊन पाहिला की जिज्ञासा उरत नाही. गळती एका व्हॉल्व्हवर निश्चित झाल्यानंतर हेड उतरवायचे ते याच क्रमाने.