शिक्षकाला नृत्य शोभते काय?

पंचवीस वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसरीच्या बाई आपल्या मुलांबरोबर रंगमंचावर नाचल्या. पदर खोचून, चपला बाजूला काढून, अगदी मनापासून नाचल्या. पालकांत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून म्हणालो, "बाई, मुलांनी खुशाल नाचावे, पण शिक्षिकेला हे शोभत नाही." "बरं, फादर," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुन्हा कधी रंगमंचावर गेल्या नाहीत. शाळेची शिस्त राखली, असे समाधान मला तेव्हा वाटले होते. 'शोभत नाही' या माझ्या दोन शब्दांचा हिशेब आज मांडावासा वाटतो.

त्यासाठी एका थोर शिक्षकाच्या आयुष्याकडे वळू या. रवींद्रनाथ ठाकूर यांना जग कवी म्हणून ओळखते. परंतु आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे ते शाळामास्तरही होते, हे आपण विसरतो. २२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनात मूठभर विद्यार्थ्यांनिशी त्यांनी शाळा उघडली. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे की, या आरंभकाळात त्यांना साथ देणारे ब्रह्मबांधव उपाध्याय हे कॅथोलिक संन्यासी होते. त्यांचे शिष्य रेवाचंद, जे पुढे अणिमानंद म्हणून ओळखले गेले, ते तेथील पहिल्या शिक्षकांपैकी एक.

ही शाळा सुखासुखी उभी राहिली नाही. तिच्यासाठी पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने दिले. वर्षभरातच, १९०२ साली, त्या गेल्या. १९०३ साली कन्या रेणुका गेली. १९०७ साली अकरा वर्षांचा धाकटा मुलगा शमींद्र पटकीने दगावला. एवढे घाव सोसलेल्या माणसाने शाळेला कुलूप लावले असते, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. रवींद्रनाथांनी शाळा चालू ठेवली. इतकेच नव्हे, तर तीत ऋतूंचे उत्सव, गाणी, नाटके आणि पुढे नृत्यही आणले.

१९१९ साली सिल्हेट येथे त्यांनी मणिपुरी नृत्य पाहिले आणि ते इतके भारावले की, शांतिनिकेतनात नृत्यशिक्षक बोलावून घेतला. तो काळ ध्यानात घ्यावा. नाचणाऱ्या स्त्रीकडे समाज तेव्हा तुच्छतेने पाहत असे. प्रतिष्ठित घरातील मुलीने लोकांसमोर नाचावे, ही कल्पनाच असह्य होती. १९२६ साली त्यांनी 'नटीर पूजा' हे नाटक लिहिले. श्रीमती ही राजदरबारातील नर्तकी. राजाने बुद्धाची पूजा निषिद्ध ठरवली आहे, आणि त्या पूजास्थानाची विटंबना व्हावी म्हणून तिला तेथेच नाचण्याची आज्ञा होते. ती नाचते, परंतु एकेक अलंकार उतरवत तिचे नृत्यच पूजा होऊन जाते, आणि त्यासाठी ती प्राण देते. ही भूमिका चित्रकार नंदलाल बोस यांच्या कन्या गौरी यांनी केली. १९२७ च्या जानेवारीत कलकत्त्याला प्रयोग झाला, तेव्हा या केवळ स्त्रियांच्या नाटकात रवींद्रनाथांनी उपाली भिक्षूची नवी भूमिका घातली आणि ती स्वतः केली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी गुरुजी मुलींसोबत रंगमंचावर उभे राहिले. ज्याला कोणाला बोट दाखवायचे असेल, त्याने आधी या पांढऱ्या दाढीकडे दाखवावे!

वाचकहो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. पालकांची भीती खोटी नव्हती. लोकांची जीभ तेव्हाही तिखट होती आणि आजही आहे. परंतु त्या भीतीला दोन प्रकारे सामोरे जाता येते. एक, नाचणाऱ्याला खाली उतरवणे. दुसरा, आपणच त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे. पहिल्या मार्गाने आपली प्रतिष्ठा राहते, दुसऱ्याने माणसाची राहते. कराराच्या कोशापुढे दावीद देहभान विसरून नाचला, तेव्हा मीखल खिडकीतून पाहत होती. तिच्या मनात राजाच्या प्रतिष्ठेचाच विचार होता. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्या खिडकीत उभा होतो.

कोणी म्हणेल, रवींद्रनाथांना संस्थेसाठी पैसा हवा होता, म्हणून हे प्रयोग. आक्षेपात तथ्य आहे. १९३६ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'चित्रांगदा' ही नृत्यनाटिका घेऊन ते उत्तर भारतात निधीसाठी फिरत होते. थकलेल्या कवीला या वयात झोळी घेऊन हिंडावे लागते, हे गांधीजींना पाहवले नाही. दिल्लीत त्यांनी साठ हजार रुपयांची व्यवस्था करून दिली आणि दौरा आटोपता घेण्यात आला. गांधीजींची ती माया निःसंशय खरी होती. परंतु नृत्य केवळ पैशासाठी असते, तर ते तेथेच थांबायला हवे होते. तसे झाले नाही. १९३८ साली 'चंडालिका' नृत्यरूपात आली, १९३९ साली 'श्यामा' आली. 'चंडालिके'त अस्पृश्य मुलीच्या हातचे पाणी भिक्षू आनंद मागून पितो. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आपल्याला आठवण व्हावी, असाच तो प्रसंग. १९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी शांतिनिकेतनात आले, तेव्हा त्यांच्यापुढे याच 'चंडालिके'चा प्रयोग झाला. दीड वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, रवींद्रनाथ निवर्तले.

कर्तव्य आणि आनंद यांना आपण सवतींसारखे वागवतो. शिक्षक जितका कोरडा तितका निष्ठावान, असा आपला समज. वस्तुतः मूल शिक्षकाने सांगितलेले विसरते; शिक्षकाने ज्यावर प्रेम केले, ते मात्र त्याच्या अंगात उतरते. एक कसोटी मात्र अवश्य लावावी: हा आनंद शिक्षकाच्या मिरवण्यासाठी आहे, की मुलांना वाटून देण्यासाठी? त्या बाईंच्या बाबतीत ही कसोटी मी लावलीच नाही. मी फक्त कुजबुज ऐकली.

गेल्या वर्षी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी फिरताना त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली आहेत. गुडघे साथ देत नाहीत. मी जुना प्रसंग काढला आणि क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "फादर, तुमचा शब्द मी मोडला नाही. रंगमंचावर गेले नाही. पण वर्गाचं दार लावून घ्यायचे आणि दुसरीच्या मुलांना पाढे पायांच्या ठेक्यावर शिकवायचे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचे पाढे कधी चुकले नाहीत."

मी निरुत्तर झालो. ते दार त्यांना लावून घ्यावे लागले, याचे ओझे मात्र माझ्यापाशी राहिले आहे. आपल्या शाळांतून असे एखादे दार आजही लागलेले असेल, तर ते उघडण्याचे काम ज्याने 'शोभत नाही' असे म्हटले, त्याचेच आहे.