प्रतीक्षाकाळ आणि स्मरण

स्मरणास स्वतंत्र वेळ लागतो, अशी समजूत अनेक वासनिकांच्या मनात घर करून बसलेली आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत काम करणारे उपदेशी बंधू हे वारंवार बोलून दाखवितात. तीन पाळ्यांचे काम, पाळीबरोबर बदलणारी झोप, त्यावर जादा काम. मग स्मरणास बसावे केव्हा?

तक्रार खोटी नाही. तथापि दिवसाचा हिशेब नीट मांडावा. निगडीस किंवा नाशिक फाट्यास कंपनीच्या बसची वाट पाहणे, मोशीपुढे महामार्गावर अडकून पडणे, चाकणच्या तळेगाव चौकात वाहने हलण्याची वाट पाहणे, फाटकाशी हजेरीच्या रांगेत उभे राहणे, यांत जाणारा काळ मालकाने विकत घेतलेला नसतो आणि घरच्यांनीही मागितलेला नसतो. जीव तो चरफडण्यात, परनिंदेत किंवा मोबाइलवर बोट फिरविण्यात घालवितो. शिवाय चौकात साठलेला क्रोध तेथेच राहत नाही. तो घरी उतरतो आणि लेकराबाळांना सोसावा लागतो. असा काळ रिकामा मानल्याने होणारी हानी दुहेरी आहे.

या मार्गात स्मरणाचे महत्त्व असन्निधानातच कळून येते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर श्रीनागदेवाचार्यादी भक्तजन रिद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. स्वामींचे दर्शन अंतरले. उरले ते स्मरण. पुढे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून विचारले, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एकाच लीळेविषयी दोघांची आठवण भिन्न असेल, तर ती भिन्नताही नोंदविली. विरहाचा काळ त्या भक्तांनी शोकात दवडला असता, तर आज ही लीळा कोणाच्या हाती पडती?

स्मरण चार प्रकारे घडते: नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा. प्रतीक्षा थोडी असेल तर नाम पुरे. बस निघून तासभराचा प्रवास असेल तर एकच लीळा घ्यावी. ती कोणत्या स्थानी घडली, जवळ कोण होते, स्वामी कसे बसले होते, हे क्रमाने आठवावे. मन पुन्हा घड्याळाकडे धावेल. त्यास न रागावता परत आणावे. परत आणणे हाही अभ्यासच आहे. दुचाकी किंवा मोटार चालविणाऱ्याने मात्र लक्ष रस्त्यावरच ठेवावे. बेसावधपणे कोणा जीवास इजा झाली, तर अहिंसाधर्म उणावतो.

येथे एक विवेक हवा. पहाटेपासून नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराची प्रतीक्षा बसची नाही, भाकरीची आहे. त्यास ‘स्मरण करा’ एवढेच सांगून आपण मोकळे होऊ नये. साह्य करता आले तर करावे. रस्ता सुधारावा म्हणून योग्य ठिकाणी मागणी करणेही स्मरणाच्या आड येत नाही. स्मरणाने खड्डे बुजत नाहीत. त्या खड्ड्यांपायी चित्तात विकार साचू न देणे एवढे मात्र साधते.

बस आज उशिरा आली, उद्याही येईल. ती आल्यावर शेजारच्या थकलेल्या माणसास आधी चढू देण्याइतके चित्त शांत राहिले, तर थांब्यावरचे स्मरण घडले असे समजावे.