एका हाताचे संगीत



माझा भाचा पियानो शिकतो. ग्रेडच्या परीक्षा देतो, रविवारी गायनवृंदाबरोबर की-बोर्ड वाजवतो आणि उरलेल्या वेळात कानाला इयरफोन लावून बसतो. एके संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, “मामा, डोळे मिटून ऐका. मध्ये काही विचारायचं नाही.” मी डोळे मिटले.

सुरुवातीला काही वाजते आहे की नाही, हेच कळेना. अगदी खालच्या पट्टीत कुजबुज चालली होती, जणू तळघरात कोणी जड सामान सरकवत आहे. हळूहळू तो आवाज वर चढत गेला, सारा वाद्यवृंद गर्जून उठला आणि मग एकदम पियानो कोसळला. ‘वाजला’ म्हणणे अपुरे होईल. मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत सूर धावत होते, खाली भक्कम स्वरपुंज, मध्ये लाटा आणि वर स्वच्छ, खणखणीत धून. पुढे लष्करी कवायतीसारखा एक भाग आला, त्यात अमेरिकन जॅझचा ठेकाही होता. शेवटी पियानो पुन्हा एकटाच कितीतरी वेळ बोलत राहिला. एकोणीसेक मिनिटांत सारे संपले. मी म्हणालो, “तयारीचा वादक आहे.” भाचा हसला. “मामा, हे सगळं एका हातानं वाजवलंय. डाव्या.”

मी ते पुन्हा ऐकायला मागितले. आणि प्रामाणिकपणे सांगतो, दुसऱ्या वेळी मी वेगळेच संगीत ऐकले. सूर तेच होते, पण मी थक्क झालो होतो. त्या रात्री मला एक प्रश्न पडला. दुसऱ्या वेळी मी कौतुक केले ते कशाचे? जे कानावर पडले ते तर पहिल्या वेळीही पडले होते. मग वाढलेले कौतुक संगीताचे होते, माणसाचे होते, की सर्कशीत दोरीवरून चालणाऱ्या मुलीला पाहून आपण श्वास रोखतो तसल्या नवलाचे?

या रचनेचा इतिहास जाणून घेतल्यावर हा प्रश्न सोपा होईल असे वाटले होते. तो अधिकच अवघड झाला.

व्हिएन्नामध्ये पॉल विटगेनस्टाइन नावाचा तरुण पियानोवादक होता. जन्म १८८७ चा, घर पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेले, धाकटा भाऊ लुडविग पुढे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ झाला. १९१३ साली पॉलने पहिली मोठी मैफल केली आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाच्या सैन्यात तो पोलंडच्या भूमीवर जखमी झाला, त्याचा उजवा हात कापावा लागला आणि तो रशियनांच्या हाती लागला. सायबेरियातील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने एका लाकडी खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या आखल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर डाव्या हाताची बोटे चालवू लागला. त्याचे गुरू योजेफ लाबोर स्वतः अंध होते. त्यांनीच त्याच्यासाठी एका हाताची पहिली रचना केली. १९१६ च्या डिसेंबरात तो व्हिएन्नाच्या रंगमंचावर परत आला.

पैशाची ददात नव्हती. नामवंत संगीतकारांना मोबदला देऊन तो डाव्या हातासाठी रचना लिहून घेऊ लागला. १९२९ मध्ये त्याने फ्रान्सच्या मोरिस राव्हेलला विचारले. राव्हेलने महायुद्धात वेर्दँच्या आघाडीमागे फ्रेंच सैन्याचा ट्रक चालवला होता. विटगेनस्टाइन शत्रुपक्षाचा सैनिक. पण युद्ध चालू असतानाच, १९१६ साली, जर्मन-ऑस्ट्रियन संगीतावर फ्रान्समध्ये बंदी घालू पाहणाऱ्या संघटनेत सामील व्हायला राव्हेलने नकार दिला होता. त्या माणसाने शत्रूच्या उरलेल्या हातासाठी संगीत लिहावे, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. मी ऐकला तो हाच कॉन्चेर्टो. पहिला प्रयोग व्हिएन्नात ५ जानेवारी १९३२ रोजी झाला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. राव्हेलची इच्छा अशी होती की, ऐकणाऱ्याला हे संगीत एका हाताचे वाटू नये. दोन हातांच्या रचनेइतकेच ते भरदार वाटावे. म्हणजे मी डोळे मिटून फसलो, ते राव्हेलच्या मनासारखेच झाले. त्याला कीव नको होती. ‘बिचाऱ्याला हात नाही, तरी बघा’ अशी टाळी नको होती. इथवर मामला सरळ आहे. सूर महत्त्वाचे, हात किती हा खासगी प्रश्न.

पण मग आल्फ्रेड कॉर्तो या थोर फ्रेंच वादकाने हाच कॉन्चेर्टो दोन हातांसाठी बेतला, तेव्हा राव्हेलने त्याला विरोध का केला? सूरच सर्वस्व असतील तर दोन हातांनी ते अधिक निर्धोकपणे वाजतील. ऐकणाऱ्याला फरक कळू नये अशी तर संगीतकाराचीच इच्छा. तरीही तो नाही म्हणाला.

मी भाच्याला हे विचारले. त्याने उत्तर दिले नाही, पियानोवर बसून दाखवले. उजव्या हाताने वाजवताना वरची धून करंगळीकडे येते, आणि करंगळी सर्वांत दुबळी. डाव्या हाताचे उलट आहे. तिथे वरच्या बाजूला अंगठा असतो, म्हणून गाणारी धून सर्वांत बळकट बोटाकडे जाते. खालचा गंभीर स्वर घ्यायला हाताला भलीमोठी झेप घ्यावी लागते आणि धून तुटायच्या आत परत यावे लागते. मधला तो निमिषभराचा विलंब पायाखालच्या पेडलने सांधायचा. हा विलंब, ही झेप, अंगठ्याचा हा भार संगीतातच लिहिलेला आहे. दोन हातांनी वाजवले की झेप नाहीशी होते आणि तिच्यासोबत तो ताणही जातो. म्हणजे पहिल्या वेळी डोळे मिटून मी जे ऐकले, त्यातही तो एकटा हात होताच. मला त्याचे नाव ठाऊक नव्हते इतकेच.

हे मला पटले. आपल्याकडे ‘नुसती तयारी, गाणं नाही’ असा शेरा जाणकार मंडळी सहज मारतात आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु तयारी वेगळी आणि गाणे वेगळे असे नेहमीच सुटे करता येत नाही. कष्ट जिथे सुरातच मुरले आहेत, तिथे कष्ट जाणणे हा ऐकण्याचाच भाग आहे. त्यामुळे माझे दुसऱ्या वेळचे थक्क होणे अगदीच पोरकट नव्हते, असे मी स्वतःला समजावले.

तरी सर्कशीची शंका पुरती गेली नाही. ती का गेली नाही, हे लिऑन फ्लायशर यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर कळले.

फ्लायशर अमेरिकन. जन्म सॅन फ्रान्सिस्को, १९२८. ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा १९५२ मध्ये जिंकणारे ते पहिले अमेरिकन. पुढची बारा वर्षे कीर्ती चढत गेली आणि मग, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आपोआप तळहाताकडे वळू लागली. ती सरळ होईनात. त्यांनी अधिक सराव केला, बोटे अधिक वळली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोष स्नायूंत नसतो, मेंदूतील बोटांच्या नियंत्रणात असतो. तीच हालचाल वर्षानुवर्षे हजारो वेळा केल्याने मेंदूत एका बोटाची सीमा दुसऱ्यात मिसळते, असे डॉक्टर सांगतात. ज्या तयारीला आपण टाळ्या वाजवतो, तीच तयारी हात खाऊ शकते. त्या काळी या रोगाचे नावही त्यांना कोणी सांगू शकले नाही. जीव द्यावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले, हे त्यांनी पुढे आत्मकथनात लिहिले आहे.

मग ते शिकवू लागले, वाद्यवृंदाचे संचालन करू लागले आणि डाव्या हाताच्या रचना वाजवू लागले. राव्हेलचा हा कॉन्चेर्टो त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवला.

१९८२ साली बाल्टिमोरमध्ये नवे संगीत सभागृह उघडले. उद्घाटनाच्या मैफलीत फ्लायशर इतक्या वर्षांनी दोन्ही हातांनी वाजवणार, अशी बातमी झाली. त्यांनी सेझार फ्रँकची एक रचना वाजवली. दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिली, सभागृह उठून उभे राहिले, वृत्तपत्रांनी पुनरागमनाचे कौतुक केले. आणि फ्लायशरना एकट्यांना ठाऊक होते की, हात बरा झालेला नाही. ते पुन्हा डाव्या हाताच्या संगीताकडे परतले.

वाचकहो, त्या टाळ्या मला फार दिवस छळत होत्या. टाळ्या वाजवणारे दुष्ट नव्हते. उलट, त्यांना या माणसाविषयी माया होती. त्यांना एक गोष्ट खरी व्हायला हवी होती, म्हणून ती खरी झाली असे त्यांनी धरले. कौतुक जेव्हा ऐकणे सोडून देते आणि आपल्याला आवडणाऱ्या कथेसाठी टाळी वाजवते, तेव्हा समोरच्या माणसाला ते एकटे पाडते. उभे राहिलेले दोन-अडीच हजार लोक आणि मधोमध सत्य जाणणारा एक माणूस. माझ्या मते कीव आणि खोटी स्तुती ही सख्खी भावंडे आहेत. दोघीही माणसाच्या कामाकडे बघत नाहीत. आपण स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाला ‘छान, फारच छान’ म्हणतो, त्यातले किती ऐकून म्हणतो? मीही म्हणतो. भाच्याला तर हमखास म्हणतो, आणि त्याला ते कळते.

उलट बाजूनेही एक पेच आहे. विटगेनस्टाइनचे वादन जितके अचाट, तितका माणूस उदार नव्हता. राव्हेलच्या रचनेत त्याने आपल्या मर्जीने फेरफार केले. राव्हेलने ते ऐकले तेव्हा त्याचा संताप झाला. जसे लिहिले होते तसे ते पॅरिसमध्ये वाजले १९३७ साली, झाक फेव्ह्रिए या वादकाच्या हातून. त्याच वर्षाच्या अखेरीस राव्हेल वारला. प्रोकोफिएवने लिहिलेला कॉन्चेर्टो विटगेनस्टाइनने कधी वाजवलाच नाही. हिंडेमिथने १९२३ मध्ये लिहिलेली रचना तर कपाटात गेली, ती त्याच्या पत्नीच्या निधनानंतर २००२ मध्ये सापडली.

याहून वाईट गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. झिगफ्रीड राप नावाच्या जर्मन पियानोवादकाने त्या युद्धात आपला उजवा हात गमावला होता. त्याने विटगेनस्टाइनकडे त्याच्या संग्रहातील रचना वाजवण्याची परवानगी मागितली. जगात हे दुःख पूर्णपणे समजू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याने नकार दिला. त्या रचना मी माझ्यासाठी लिहून घेतल्या आहेत, दुसऱ्यासाठी नाहीत, असा त्याचा रोख होता. अखेर प्रोकोफिएवचा तो कॉन्चेर्टो १९५६ मध्ये बर्लिनला रापने प्रथम वाजवला.

हे वाचल्यावर कोळशाने आखलेल्या त्या खोक्याचे काय करायचे? काही दिवस मी रागाने ते पुसून टाकले होते. पण ते पुसले जात नाही. सायबेरियाच्या थंडीत त्या मुक्या पट्ट्यांवर बोटे चालवणारा माणूस खराच होता आणि रापला नाही म्हणणाराही तोच. धैर्य आणि औदार्य एकाच माणसात एकत्र नांदावीत अशी आपली अपेक्षा असते, नांदतातच असे नाही. मी त्याच्या धैर्यापुढे मान लवतो आणि त्या नकाराला नकारच म्हणतो. दोन्ही एकाच श्वासात म्हणायला जड जाते, तरी म्हणतो.

फ्लायशरची गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. १९९० च्या दशकात त्या विकारावर बोटॉक्सची इंजेक्शने मिळू लागली आणि बोटे हळूहळू उलगडली. २००४ मध्ये त्यांची दोन्ही हातांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका आली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांनी हिंडेमिथची ती कपाटात राहिलेली रचना प्रथमच लोकांपुढे वाजवली, डाव्या हाताने. दोन्ही हात पुन्हा मिळालेल्या माणसाने एका हाताचे ते संगीत सोडून दिले नाही. ते २०२० मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी वारले.

परवा भाचा पुन्हा आला होता. या वेळी त्याने मोबाइलवर राव्हेलच्या कॉन्चेर्टोचे चित्रीकरण लावले. वादक तरुण होता, दोन्ही हात धडधाकट. भाचा म्हणाला, “मामा, डाव्या हाताकडे बघा.” मी पाहिले, खरोखर डोळे फिरतात. पण थोड्या वेळाने माझी नजर दुसरीकडे गेली. खालच्या स्वरांसाठी शरीर डावीकडे झुकले की त्या वादकाचा उजवा हात बाकाची कड घट्ट धरत होता, तोल राखायला. झेप संपली की सैल सुटत होता. पुढची झेप आली की पुन्हा धरत होता.

“मामा, तुम्ही भलतीकडेच बघताय,” भाचा म्हणाला.

मी त्याला व्हिडिओ सुरुवातीपासून लावायला सांगितला.