सोबतीला कोण?

जगातल्या बहुतेक गोष्टींना सोबत चालते. लग्नाला तर ती लागतेच. काशीयात्रेपासून उसाच्या रसापर्यंत सगळे दोघांत जास्त गोड लागते. याला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे दाताच्या डॉक्टरची खुर्ची. तिच्यात एका वेळी एकच माणूस मावतो. ज्याने ती बनवली त्याने शेजारी थुंकायला भांडे ठेवले, डोक्यावर दिवा ठेवला, पण मित्राला टेकायला जागा काही ठेवली नाही. दाढदुखी ही 'अकाउंट पेयी' क्रॉस केलेल्या चेकसारखी असते. ज्याच्या नावाने निघाली त्याच्याच खात्यात जमा व्हायची. मागे सही करून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेला माणूस म्हणून हे मी जबाबदारीने सांगतो.

मग दात दाखवायला जाताना बरोबर माणूस का न्यायचा? वेदनेतला चार आणे वाटासुद्धा त्याला देता येत नसेल, तर त्याचा दिवस बुडवण्याचा आपल्याला हक्क काय? हा प्रश्न दिसतो दातांचा, पण मुळे त्याची खोल गेलेली आहेत.

आमच्या कासुर्डीत हा प्रश्न कोणाला पडत नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की यवतच्या अलीकडे आमचे गाव लागते. बाहेरच्या जगाला ते टोलनाक्यामुळे ठाऊक झाले. इथे एखाद्याची दाढ ठणकू लागली की दुपारपर्यंत ती घराची होते आणि दिवेलागणीला आळीची. शेजारच्या तात्यांची दाढ काढायचे ठरले तेव्हा जीपमध्ये आम्ही सहा जण होतो. तात्या, काकू, थोरला मुलगा गाडी हाकायला, धाकटा पैसे द्यायला, मी डॉक्टरांशी 'चार शब्द बोलायला', आणि एक पाहुणे, केवळ त्या दिवशी घरात होते म्हणून. दवाखान्यात कंपाउंडरने "पेशंट कोण?" म्हणून विचारले आणि सर्वांत घाबरलेला चेहरा पाहून पाहुण्यांनाच आत नेले. तात्या बाहेर निवांत पेपर वाचत होते. उलगडा होईपर्यंत पाहुण्यांच्या तोंडात दोन किडलेल्या दाढा सापडल्या होत्या. येताना तात्यांना काही खायची बंदी होती, म्हणून उरलेल्या पाच जणांनी भेळ खाल्ली. एकंदरीत दाढ छान झाली.

आता याच गावातला मुलगा जर्मनीत नेऊन ठेवा. आमचा भाचा दीड वर्षापासून स्टुटगार्टला नोकरी करतो. जर्मन त्याला कामापुरते येते. म्हणजे रस्ता विचारता येतो, उत्तर समजत नाही. परवा रात्री त्याचा फोन आला. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या उगवल्या आहेत. (आमच्या घराण्यात अक्कल आडवीच येते, दाढांनी तरी सरळ का यावे?) डॉक्टरने दोन पर्याय दिले. एक, नुसती जागेपुरती भूल. एकटे या, एकटे जा. दुसरा, गुंगीचे औषध. काही कळणार नाही, पण घरी न्यायला जबाबदार माणूस बरोबर हवा, त्याशिवाय औषध देणार नाही.

"मग गुंगीचंच घे की!" मी म्हटलं.

"नको मामा, नुसत्या भुलेत करतो."

"का रे? भीती वाटत नाही?"

"वाटते ना. पण सोबतीला कुणाला सांगायचं? इथं प्रत्येकाला आपापली कामं. उगीच कुणाला त्रास कशाला?"

हे वाक्य मला खटकले. पोरगा दाढेला घाबरत होता, पण त्याहून जास्त घाबरत होता तो माणसाला विचारायला.

जर्मन लोकांना मी दोष देत नाही. त्यांचा कारभार मला जातीने आवडतो. तिथे सरकारी विम्यातल्या माणसाजवळ दातांचे चक्क पासबुक असते. दरवर्षी तपासणी करायची आणि त्यात नोंद करून घ्यायची. पुढे नवा दात बसवायची वेळ आली, तर ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचा ६० टक्के भार विमा उचलतो. सलग पाच वर्षांच्या नोंदी असतील तर ७० टक्के आणि दहा वर्षांच्या असतील तर ७५. खातेदाराला शिस्त लावण्याची याहून सुंदर योजना मी आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकातही पाहिलेली नाही. पण सोबत या रकमेची नोंद त्या पासबुकात कुठे करायची, हे कोणी सांगत नाही.

सोबत्याचा उपयोग तरी काय, असे तुम्ही म्हणाल. एक तर पाय. आपले लटपटत असतात तेव्हा त्याचे चालतात. दुसरी जीभ. तोंडात कापसाचे बोळे, नळी आणि डॉक्टरची दोन बोटे असताना माणूस मराठीतही 'आँ' एवढेच बोलतो. तिथे जर्मनमध्ये काय बोलणार? "इंजेक्शनची ॲलर्जी आहे का?" याला 'आँ' हे उत्तर धोक्याचे असते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या बाकावर कोणीतरी आपल्यासाठी बसलेले आहे ही जाणीव. तिचे वजन करता येत नाही, पण खुर्चीत डोळे मिटले की ती असल्याचे कळते आणि नसल्याचे तर फारच कळते.

दात उपटण्याची कळ ज्याने घालवली, तोसुद्धा एकटा नव्हता. अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. हसवणाऱ्या वायूने दुखणे कळेनासे होते अशी त्यांना शंका आली आणि ११ डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी स्वतःचाच दात पणाला लावला. कोल्टन यांनी वायू हुंगवला आणि रिग्ज यांनी दात काढला. स्वतः दंतवैद्य असूनही शुद्ध हरपायच्या वेळी त्यांना बरोबर माणसे लागलीच. शुद्ध हरपायची तर ती कोणाच्या तरी हवाली करावी लागते; आमच्याकडे लॉकरची किल्ली असते तशी.

"कुणाला त्रास कशाला" हे वाक्य दिसते नम्र, पण त्याची दुसरी बाजू पाहा. जो कोणाकडे काही मागत नाही, त्याच्याकडे मागायलाही लोक कचरतात. ज्याच्या खात्यात कधी उचलच नाही, असा माणूस फार सज्जन. पण त्याच्याशी व्यवहार असा होत नाही. आपण न मागून समोरच्याचा अर्धा दिवस वाचवतो हे खरे. मात्र 'माझी कोणाला गरज पडली' हे समाधानही त्याला न विचारताच वाचवतो.

याचा अर्थ कासुर्डीचे सगळे बरोबर, असाही नाही. आमच्या जीपमधल्या पाहुण्यांना "नाही, मी येत नाही" म्हणायची सोय होती का? मुळीच नव्हती. म्हणाले असते तर तात्यांच्या नातवाच्या लग्नापर्यंत ते बोलणे निघाले असते. आमच्याकडे कोणी नाही म्हणू शकत नाही आणि भाच्याच्या त्या शहरात तो कोणाला विचारू शकत नाही. दोन्हीकडे हिशेब चुकतोच. माझ्या मते सोबत मागावी, जरूर मागावी; पण अशी मागावी, की समोरच्याला मान न खाली घालता 'जमणार नाही' म्हणता यावे.

असे एक मागणे आपल्या इतिहासात आहे. टपालखात्यातले एक कारकून, म्हणजे माझ्याच जातकुळीतले, गोपाळराव जोशी. बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागणारे त्यांचे पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते १८८० साली वाचले. कुठे? दाताच्या डॉक्टरकडे, नंबर यायची वाट बघताना! पान उलटून पुढे जायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. त्या थांबल्या. त्यांनी पत्र लिहिले. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या न्यायला हजर होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या. याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. आमच्या यवतहून रेल्वेने दुसरे स्टेशन. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला वारल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि बाईंनी त्या पोकिप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. सोबत कुठवर करायची याला तशी सीमा नाही.

भाच्याला मी एवढा इतिहास सांगितला नाही. आंतरराष्ट्रीय कॉल होता. म्हटलं, "ऑफिसातल्या एकाला विचार. आणि नाही म्हणालास तरी चालेल, हेही सांग." शेजारच्या टेबलावर एक पोर्तुगीज मुलगा बसतो, त्याला त्याने विचारले. तो म्हणाला, "मंगळवारी नाही जमणार, गुरुवारी येतो." गुरुवारी दाढा निघाल्या. रात्री भाच्याच्या सुजलेल्या गालाऐवजी आमच्या ताईने व्हिडिओवर त्या मुलालाच मराठीत विचारले, "जेवलास का रे बाबा?" त्याने 'हो' अशी मान हलवली. नंतर कळले, तोही सहा महिने एक दुखरी दाढ घेऊन हिंडत होता. विचारायचे कोणाला, म्हणून थांबला होता.

पुढच्या बुधवारी तात्यांच्या कवळीचे माप आहे. येतोस का, म्हणून त्यांनी मला विचारले. मी हो म्हटले आणि रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'दातांचे काम' असे लिहिले आहे. कोणाच्या दातांचे, हे लिहायला त्या फॉर्मवर जागा नाही.