कारभारी कोणाचा?

(वाचन : लूक 12:35-48)

आपल्या मंडळीतील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की घरात पुढचा शब्द निघतो तो एम.बी.ए.चा. ग्वाल्हेरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. 1964 साली स्थापन झालेल्या जिवाजी विद्यापीठात हा विषय शिकवला जातो, आणि 1997 साली येथे जी केंद्रीय संस्था निघाली तिच्या नावातच माहिती तंत्रज्ञानाच्या जोडीला व्यवस्थापन आहे. यावर काही वडीलधारी माणसे नाक मुरडतात. पैसा मिळविण्याचे शास्त्र ख्रिस्ती मुलाने कशाला शिकावे, असे ती विचारतात. मला हा प्रश्न भलत्या जागी विचारलेला वाटतो. डॉक्टरकीतही पैसा आहे, आणि मुलगा तिकडे गेला तर आपण घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतो! विचारायचे ते हे की, कारभाऱ्याने हिशेब कोणाला द्यायचा आणि कशाचा द्यायचा, याबद्दल हे शास्त्र काय शिकवते?

हे शास्त्र तसे जुने नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 1881 साली जोसेफ व्हार्टन या क्वेकर पंथाच्या कारखानदाराच्या देणगीतून पहिले मोठे विद्यालय निघाले. हार्वर्डचे 1908 साली. आपल्या देशात जमशेदपूर येथे 1949 साली जेझुइट धर्मगुरूंनी जी संस्था काढली तिच्या नावात 'लेबर रिलेशन्स' हे शब्द आहेत, म्हणजे मजुराची आठवण नावातच ठेवली होती. कलकत्ता व अहमदाबाद येथील सरकारी संस्था 1961 सालच्या.

पुढे या विद्येत एक विचार बळावला. 1970 साली मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की, कायदा व रीत पाळून नफा वाढविणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. 1976 साली जेन्सन व मेकलिंग या दोघांनी व्यवस्थापक हा मालकाचा मुखत्यार आहे, या दृष्टीने एक प्रसिद्ध निबंध लिहिला. मुखत्याराचे हित आणि मालकाचे हित एक नसते. म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते आणि मोबदल्याची अशी योजना करावी लागते की, मालकाचा फायदा तोच त्याचाही फायदा व्हावा. यात खोटे फारसे नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभारी ज्याने वाचला आहे, त्याला मुखत्याराच्या मनाची ही ओळख नवीन नाही.

पण या मांडणीत मुख्य माणसे दोनच आहेत, मालक आणि मुखत्यार. बाकीचे खर्चाच्या रकान्यात जातात. याच विद्येतील एडवर्ड फ्रीमन यांनी 1984 साली कामगार, गिऱ्हाईक, गाव या साऱ्यांचा धंद्याशी संबंध आहे असे लिहिले, हे सांगितले पाहिजे. नाहीतर आपण प्राध्यापकांवर अन्याय करू.

आता बारावा अध्याय पाहा. येथेही धनी आहे, कारभारी आहे, आणि हिशेब धन्यालाच द्यायचा आहे. पण हिशेबात विचारले काय जाते? तिजोरीत किती भर पडली, हे येथे विचारलेलेच नाही. घरातल्या दासदासींना त्यांचा शिधा वेळेवर मिळाला काय, एवढेच. वाईट कारभारीही अफरातफरीवरून ओळखला जात नाही. तो आपल्या हाताखालच्यांना मारतो आणि स्वतः खातो-पितो, यावरून ओळखला जातो. धन्याची निष्ठेने चाकरी म्हणजे त्याच्या माणसांची काळजी, असा हा धनी आहे. इतर दृष्टांतांत तो नफाही विचारतो, हे मी विसरलो नाही. पण पाच हजारांचे दहा हजार केल्याचा धडा आपण वर्षाला दोनदा घेतो आणि शिध्याचा क्वचितच घेतो, ही आपलीही आवड झाली.

ग्वाल्हेरच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे. दिनकरराव राजवाडे हे 1850 च्या दशकाच्या आरंभी शिंदे सरकारचे दिवाण झाले, तेव्हा खजिना रिकामा व कारभार विस्कटलेला होता. त्यांनी जाचक कर उठविले आणि पगार कमी केले, त्यात स्वतःचाही केला. तुटीचा जमाखर्च शिलकीत आला. कपात झालेल्या कारकुनांना ती गोड लागली असेल असे नाही. परंतु कातर प्रथम आपल्या अंगरख्याला लावणारा कारभारी आणि माणसे कमी केल्याबद्दल बक्षिसी घेणारा कारभारी यांत फरक आहे, आणि तो ताळेबंदात दिसत नाही.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. 1921 साली निघालेली आपल्या शहरातील जे. सी. मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कारणे अनेक असतील. कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मजुरांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांचे देणे तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीने द्यावे, अशी दुरुस्ती कंपनी कायद्यात 1985 सालीच झाली होती. म्हणजे हक्क कागदावर होता. दृष्टांतातला 'वेळेवर' हा शब्द मात्र कायद्याला सांभाळता आला नाही. वीस वर्षांनी मिळालेल्या पैशाने गेलेल्या वर्षांतल्या मुलांच्या फिया भरता येत नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा पाठ घेताना मुलांना आधी विचारा की, कारभाऱ्याचे काम काय? बहुतेक मुले 'धन्याचा पैसा सांभाळणे' म्हणतील. मग त्यांनाच वचन पुन्हा वाचू द्या आणि पैशाचा उल्लेख कोठे आहे ते शोधू द्या. कॉलेजात जाणाऱ्या तरुणांनी हीच गोष्ट वर्गातल्या प्राध्यापकांना विचारली तरी हरकत नाही. चांगला प्राध्यापक रागावणार नाही.

आणि वार्षिक सभेत पंच जेव्हा मंडळीचा जमाखर्च वाचतात, शिल्लक ऐकून आपण समाधानाने माना डोलावतो, तेव्हा कोणी तरी उठून एवढे विचारावे की, चर्चची झाडलोट करणाऱ्या आणि घंटा वाजविणाऱ्या माणसाला गेल्या बारा महिन्यांचा पगार कोणकोणत्या तारखेस मिळाला.